मायनर लीग सुटल्यावर कॉलेजची कोचिंगची नोकरी: माझा अनुभव

अमेरिकन बेसबॉलच्या मायनर लीगमधले (मुख्य लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे) क्लब बरेच खेळाडू मार्चअखेर सोडतात, स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे हंगामाआधीचा सराव संपता संपता. कॉलेज संघांत कोचच्या जागा मात्र निघतात जून-जुलैत, ओमाहातली कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज संघांची अंतिम स्पर्धा, उरकत आली की. मधल्या काळात नुसते अर्ज धाडत बसण्यात अर्थ नाही. डिग्री अर्धवट असेल तर आधी ती. पूर्णवेळ कोचला बहुतेक विद्यापीठं बॅचलर डिग्री मागतातच, आणि तिसऱ्या वर्षी ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक क्लबांच्या खेळाडू-निवडीत) निवडले जाऊन कॉलेज सोडलेल्यांची नेमकी तीच अडते. करार करताना कॉलेज स्कॉलरशिप प्लॅन लिहून घेतलेला असेल तर फीचा ठरलेला भाग क्लब उचलतो, पण खेळ थांबल्यापासून दोन वर्षांच्या आत वर्गात दाखल व्हावं लागतं. मुदत टळली की हक्क गेला. तेव्हा जुना करार शोधा आणि तेवढं कलम आधी वाचा.

डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, पूर्वी मुख्य कोच, दोन पगारी सहाय्यक आणि एक बिनपगारी असा हिशेब होता. 1 जुलै 2023पासून तो बिनपगारी प्रकार बंद झाला आणि तिसरी पगारी जागा आली. ऐकायला छान वाटतं, पण पगार लागला तशी त्या जागेसाठी अनुभवी माणसंही रांगेत आली. मी म्हणून डिव्हिजन टूमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंटची वाट धरली: शिकता शिकता कोचिंग, मास्टर्सची फी माफ, वर जेमतेम भत्ता. नव्या माणसाला आजही मी हेच सुचवेन.

मुलाखतीत तुमचे मायनर लीगचे आकडे कुणी फारसे विचारत नाही. हातात फंगो देतात. सराव देताना कोच वापरतो ती ही बॅट साधारण 35 इंच लांब, बारीक, वजनाला नेहमीच्या बॅटच्या दोन-तृतीयांश. इनफिल्डरला (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) जमिनीलगत मारणं आठवड्याभरात जमतं. खरी परीक्षा कॅचरला (फलंदाजाच्या मागे बसणाऱ्याला) उंच झेल देण्याची. चेंडू जरा वर उडवायचा आणि बॅट त्याच्या तळाखालून न्यायची. अशा चेंडूला उलटी फिरकी मिळते, त्यामुळे प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो तिथल्या पट्टीच्या) मागे गेल्यासारखा दिसणारा चेंडू उतरताना इनफिल्डकडे वळतो. कॅचरला मैदानाकडे पाठ करून उभं राहायला शिकवतात ते याचसाठी. मारणाऱ्यालाच फिरकी देता आली नाही, तर कॅचर चुकीच्या झेलाचा सराव करत राहतो.

दुसरी सवय मोडावी लागते ती चेंडू सांगण्याची. मायनर लीगमध्ये कोणता चेंडू टाकायचा हे पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर ठरवतात. कॉलेजात बहुतेक ठिकाणी डगआउटमधून, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकावरून, कोच सांगतो. 2022पासून त्यासाठी एकतर्फी निरोपाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं चालतात, पण मनगटावरची कार्डं अजून बाळगावी लागतात, कारण यंत्र ऐन डावात बंद पडतं. कोच तीन आकडे ओरडतो, पिचर आणि कॅचर कार्डात बघतात. कार्ड बदललं की तिघांचंही बदललं का, हे स्वतः बघायचं. एकाकडे जुनं राहिलं तर कॅचर स्लायडरसाठी (वळणाऱ्या चेंडूसाठी) बसतो आणि फास्टबॉल येऊन अंगठ्यावर आदळतो.

खेळाडूंच्या सराव-सामन्यांच्या तासांचा हिशेब हे न संपणारं काम. हंगामात आठवड्याला 20 तास, दिवसाला 4, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना कितीही लांबला तरी 3 तासच धरायचा. प्रवास मोजायचा नाही. हंगामाबाहेर आठवड्याला 8 तास. गट थोडा उशिरा सुटला तरी ती मिनिटं लिहायची, कारण नोंदी तपासल्या जातात आणि खेळाडूंनाही विचारतात.

डिव्हिजन वनमध्ये पोचलात तर आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. शाळेतल्या मुलाशी भरतीचं बोलणं त्याच्या अकरावीआधीच्या 1 ऑगस्टपासूनच सुरू करता येतं. त्याआधी मेसेजला उत्तरही द्यायचं नाही, मग मुलाचे वडील तुमचे जुने सहखेळाडू का असेनात.