क्रीटमध्ये समुद्राखेरीज काय बघाल?

"ग्रीसच्या क्रीट बेटावर आठवडाभर जातोय. ऊन आणि समुद्र आहेच, पण त्याखेरीज काय बघण्यासारखं आहे?" हा प्रश्न बऱ्याचदा येतो, आणि सोबत बहुतेक वेळा आधीच तयार केलेला आराखडाही असतो. त्यात एकाच दिवशी बेटाच्या पश्चिम टोकाची पुळण आणि पूर्वेकडचा किल्ला असं दोन्ही बसवलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचं, तर आधी तो आराखडा बाजूला ठेवा.

क्रीट नकाशावर चिंचोळं दिसतं, पण त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर आहे. मधोमध अडीच हजार मीटरच्या आसपास जाणारे डोंगर आहेत, त्यामुळे उत्तर किनाऱ्यावरून दक्षिणेला जाणारा प्रत्येक रस्ता घाटाचा. हानिया ते इराक्लिओ हे १४० किलोमीटर बेटावरच्या सगळ्यांत चांगल्या रस्त्यानेही दोन-अडीच तास खातात. म्हणून मुक्काम दोन ठेवा. चार रात्री पश्चिमेला हानियात, तीन मध्यावर इराक्लिओत. दोन्हीकडे विमानतळ आहेत आणि अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीच्या बोटीही येतात. तेव्हा एका शहरात उतरा आणि दुसऱ्यातून परत निघा. सातच्या सात दिवस एका हॉटेलात काढून रोज गाडी हाकणं हा सुट्टीचा सगळ्यांत वाईट उपयोग.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो. आकाश निरभ्र असतं, ऊन कडक असतं, आणि तरीही उत्तर किनाऱ्यावर लाटा एवढ्या उसळतात की पुळणीवर लाल बावटा लागतो. लाल बावटा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. अशा दिवशी इतिहास बघायचा किंवा डोंगराआड असलेला दक्षिण किनारा गाठायचा. रोज रात्री हवामानाच्या अंदाजात तापमानाआधी वाऱ्याचा वेग बघा. महिना निवडणं हातात असेल तर मेअखेर ते जूनमध्य किंवा सप्टेंबर घ्या. सप्टेंबरात समुद्र मेपेक्षा बराच कोमट असतो, वाराही उतरलेला असतो.

आता क्नोसोस. इराक्लिओपासून पाच किलोमीटरवर, शहरातून बस जाते. मिनोअन म्हणजे क्रीटवरच्या कांस्ययुगातल्या संस्कृतीचा हा सगळ्यांत मोठा राजवाडा. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी १९०० साली इथं मोठं उत्खनन सुरू केलं, आणि नुसतं खणून ते थांबले नाहीत. पडलेले मजले, जिने, लाल खांब त्यांनी काँक्रीटमध्ये पुन्हा उभे केले. मूळ खांब लाकडी होते, वर जाड आणि खाली निमुळते. आज दिसतात ते विसाव्या शतकातले. भिंतींवरची चित्रंही नकला आहेत. हे आधी ठाऊक नसलं की लोक फसवल्यासारखे बाहेर पडतात, आणि ठाऊक असलं की तीच जागा दुप्पट रंजक होते, कारण प्रत्येक भिंतीपाशी प्रश्न पडतो: यातलं सापडलेलं किती आणि कल्पिलेलं किती?

म्हणून क्रम महत्त्वाचा. आदल्या दिवशी दुपारी, उन्हाच्या ऐन तडाख्यात, इराक्लिओचं पुरातत्त्व संग्रहालय बघा. अस्सल चित्रं तिथं आहेत, आणि वातानुकूलित हवाही. बैलावरून कोलांटी मारणारा खेळाडू, हातात साप धरलेल्या छोट्या मूर्ती, मालियाचं दोन मधमाश्यांचं सोन्याचं पदक, आयिया त्रियादाची रंगवलेली दगडी शवपेटी. 'लिलींचा राजपुत्र' म्हणून प्रसिद्ध असलेल्या चित्रासमोर जरा थांबा: मूळ तुकडे किती थोडे आहेत आणि बाकीचं किती भरून काढलंय ते जवळून दिसतं. ते तुकडे एकाच आकृतीचे आहेत की नाहीत यावरही अभ्यासकांत वाद आहे. फैस्तोस या दुसऱ्या मिनोअन राजवाड्यात १९०८ साली सापडलेली मातीची चकती इथंच आहे. तिच्यावरची चिन्हं शिक्क्यांनी ठसवलेली आहेत आणि आजवर सर्वमान्य असं तिचं वाचन झालेलं नाही. मातीच्या पाट्यांचं दालन घाईत उरकू नका. या पाट्या मुळात फक्त वाळवलेल्या होत्या. राजवाड्याला आग लागली, पाट्या भाजल्या गेल्या, म्हणूनच टिकल्या. त्यांवरची 'लिनिअर बी' लिपी मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ साली उलगडली आणि भाषा निघाली प्राचीन ग्रीक. तिच्या आधीची 'लिनिअर ए' अजून कोणी वाचू शकलेलं नाही. एवढ्याला अडीच तास धरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताना क्नोसोसला हजर राहा. तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून घ्या. आत गेल्यावर मार्गदर्शक पाट्यांच्या क्रमाने न जाता आधी सिंहासनाची खोली गाठा. तिथली रांग पुढच्या तासाभरात लांबत जाते, आणि ती उन्हात असते. साडेदहाला बाहेर पडलात तर बंदरातून येणाऱ्या जहाजांच्या प्रवाशांची गर्दी चुकते.

क्नोसोस आवडलं असेल तर फैस्तोसला जाच. इराक्लिओपासून सुमारे ६० किलोमीटर, मेसाराच्या मैदानावर उठलेल्या टेकडीवर. इथं काँक्रीट नाही. नुसत्या पायऱ्या, चौक, जोती, आणि समोर प्सिलोरितिस पर्वत. वाटेत गोर्तिनला इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला कायदा दगडी भिंतीवर कोरलेला आहे. त्याची एक ओळ डावीकडून, तर पुढची उजवीकडून वाचायची. २०२५ साली युनेस्कोने मिनोअन राजवाड्यांची सहा स्थळं जागतिक वारशात घेतली. क्नोसोस आणि फैस्तोस दोन्ही त्यांत आहेत.

पश्चिमेची खरी मोठी गोष्ट म्हणजे समारियाची घळ. साधारण मे ते ऑक्टोबर उघडी. चालणं १६ किलोमीटर, सगळं उताराचं: सुमारे १,२०० मीटरवरच्या क्सिलोस्कालोपासून थेट दक्षिण समुद्रावरच्या आयिया रुमेली गावापर्यंत. पाच ते सात तास लागतात. "उतारच आहे ना, मग सोपं" हा समज इथं सगळ्यांत महागात पडतो. पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच नागमोडी पायवाट शेकडो मीटर खाली उतरते आणि गुडघे तिथंच बोलायला लागतात. बूट बेताचे असतील तर दर पावलाला अंगठा पुढे आपटतो आणि संध्याकाळी नख काळं पडलेलं असतं. बोटांपुढे थोडी जागा असलेले, तळव्याला पकड असलेले बूट घाला आणि उतरण्याआधी नाडी घोट्यापाशी घट्ट आवळा. सँडल नको.

पाण्याचं ओझं फार नको. वरच्या टप्प्यात वाटेवर झऱ्याचं पाणी मिळतं, दीड लिटरची बाटली भरत राहायची. निम्म्यावर ओसाड समारिया गाव लागतं. १९६२ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि गावकऱ्यांना बाहेर जावं लागलं. क्री-क्री ही रानबकरी दिसली तर इथंच दिसते, तिला काही खायला घालू नका. पुढे घळ आवळत जाते आणि एका ठिकाणी दोन कडे जेमतेम तीन-चार मीटरवर येतात, उंची मात्र तीनशे मीटरच्या घरात. तिथं वर बघत उभं राहायचा मोह होतो. पाट्या मात्र थांबू नका म्हणतात आणि ते खरं आहे, दगड पडतात. उद्यान संपल्यावरचे शेवटचे तीन किलोमीटर उघडे. उशिरा निघालेला माणूस इथं नेमका भर उन्हात सापडतो.

तिकीट जपून ठेवा, खालच्या दारावर दाखवावं लागतं. आत कोणी राहिलं नाही ना, हे उद्यानाचे कर्मचारी त्यावरून ताडतात. आयिया रुमेलीला गाडीरस्ता नाही. तिथून बोटीने सुइया किंवा होरा स्फाकियोनला जायचं आणि पुढे हानियाची बस. कुठल्या गावाहून बस आहे ते सकाळी तिकीट काढतानाच विचारा, कारण बोटी दोन विरुद्ध दिशांना जातात. बोट चुकली तर रात्र तिथंच काढायची, खोल्या मिळतात. पाऊस, वारा किंवा उष्णतेचा इशारा असला की घळ बंद ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करा आणि हा बेत मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. गुडघे कुरकुरत असतील तर इम्ब्रोसची घळ घ्या. आठ किलोमीटर, तीन तास, आणि अरुंद वाटेची गंमत तिथंही आहे.

फोटोंत दिसणारं उथळ निळं पाणी पश्चिमेच्या बालोस पुळणीचं. तिथवर शेवटचे काही किलोमीटर कच्चा रस्ता आहे. भाड्याच्या गाडीचा विमा अशा रस्त्यावर बहुधा लागू होत नाही, टायर आणि गाडीचा तळ तर नाहीच नाही. शिवाय गाडी लावून खाली उतरावं लागतं, आणि परतीची चढण ऐन उन्हातली. किसामोसहून बोटीने जाणं शहाणपणाचं. बोट ग्राम्वुसाच्या व्हेनेशियन किल्ल्यापाशीही थांबते. एलाफोनिसीची वाळू गुलाबी दिसते ती सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्यामुळे. ती वाळू उचलायला बंदी आहे. लहान मुलं बरोबर असतील तर हीच पुळण, पाणी लांबवर गुडघाभरच. ऑगस्टमध्ये मात्र सकाळी दहाच्या आत पोचा, नाहीतर जाऊच नका.

हानियाचं जुनं बंदर संध्याकाळी बघा, दुपारी तिथं दगड तापलेले असतात. हानियाहून इराक्लिओला मुक्काम हलवताना रेथिम्नोपाशी आत वळून आर्कादी मठ करता येतो. नोव्हेंबर १८६६ मध्ये ऑटोमन फौजेच्या वेढ्यात अडकलेल्यांनी इथलं दारूकोठार पेटवलं आणि शेकडो माणसं मेली. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. पूर्वेकडे वेळ असेल तर स्पिनालोंगा बेट: व्हेनेशियन किल्ला, पुढे १९०३ ते १९५७ कुष्ठरोग्यांची वसाहत. प्लाका गावातून बोट थोडक्या वेळात पोचते. सावली जवळजवळ नाही, टोपी न्या.

गाडी घेणार असाल तर भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. महामार्गावर मागून येणाऱ्याला वाट द्यायला लोक गाडी कडेच्या पट्टीवर घेऊन चालवतात. तशी रीतच आहे, घाबरू नका. जेवणानंतर खानावळवाला न मागता राकी या तिथल्या दारूची छोटी बाटली आणून ठेवतो. चालवणाऱ्याने ती शेजारच्याकडे सरकवावी. शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही: टोमॅटो आणि चीज घातलेला जवाचा खडखडीत पाव म्हणजे दाकोस, भात भरलेल्या भाज्या, उकडलेला रानभाजीचा पाला.

दिवस कमी पडले तर आधी स्पिनालोंगा गाळा, मग एलाफोनिसी. संग्रहालय आणि समारिया शेवटपर्यंत सोडू नका.