रिक्षा प्रकल्प, सहावी नोंद: दोष स्प्रिंगमध्ये नव्हताच

गेले तीन रविवार गोडो या गेम-इंजिनात बनवलेली माझी रिक्षा एकाच वळणावर आडवी होत होती. १० मीटर त्रिज्येचं वळण, वेग ताशी जेमतेम २३ किलोमीटर. स्प्रिंग कडक केल्या, डॅम्पिंग (हेलकावे शमवणारा विरोध) वाढवलं, तरी पडायची त्याच वेगाला. फरक एवढाच की पडण्याआधी कमी झुकायची.

त्यावरूनच डोक्यात प्रकाश पडला. गाडी किती झुकेल ते स्प्रिंग ठरवते. कधी उलटेल ते मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर ठरवतं. गोडोमध्ये गुरुत्वमध्य 'ऑटो'वर असला की तो कोलायडरच्या (टक्कर ओळखण्यासाठी लावलेल्या अदृश्य ठोकळ्यांच्या) आकारांवरून काढला जातो. टपासाठी मी एक मोठा बॉक्स लावला होता आणि गेम-इंजिनाच्या लेखी तो भरीव! खरा टप म्हणजे नळ्या आणि रेक्झिन. जड सामान सगळं खाली, इंजिन मागच्या चाकांपाशी. माझा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८५ सेंटीमीटरवर जाऊन बसला होता. 'कस्टम' करून तो ५० वर आणला.

तीनचाकीचा हिशोब मला फार आवडला, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी उभी असते त्रिकोणावर. पुढे एकच चाक, त्यामुळे गुरुत्वमध्य जितका पुढे सरकेल तितकी दोन्ही बाजूंना जागा कमी. मागच्या चाकांमधलं निम्मं अंतर घ्यायचं, त्याला पुढच्या चाकापासून गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतराने गुणायचं, मग व्हीलबेसने (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराने) आणि गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. उत्तर म्हणजे गाडी किती कडेच्या त्वरणाला उलटेल ते, गुरुत्वत्वरणाच्या (जी) पटीत. माझ्या मॉडेलात ०.५७५ × १.२५ ÷ २ ÷ ०.५०, म्हणजे ०.७२ जी. जुन्या उंचीला हाच आकडा ०.४२ येतो, आणि १० मीटरच्या वळणावर ०.४२ जी म्हणजे बरोबर ताशी २३! आता ३० पर्यंत तग धरते.

मागे तीन प्रवासी बसवले की वजन त्रिकोणाच्या रुंद भागात जातं, म्हणून गाडी जास्त स्थिर होईल असं वाटलं होतं. पण उंचीही ६० सेंटीमीटरपर्यंत चढते आणि उत्तर ०.६७ वर उतरतं.

टायरचं कडेचं बल जमिनीऐवजी गुरुत्वमध्याच्या उंचीवर लावलं की गाडी कधीच उलटत नाही. ही युक्ती मी मुद्दाम टाळली. टायरची पकड ०.६ केली असती तर ती उलटण्याआधी घसरली असती, पण मग ती रिक्षा राहिली नसती. पकड ०.८ ठेवली आहे. आतलं मागचं चाक उचललं जातं, हँडल जरा सोडलं की परत टेकतं. हा क्षण चालवणाऱ्याच्या हातात यायलाच हवा.

आता स्प्रिंग. फक्त चालक असताना मागच्या प्रत्येक चाकावर १३१ किलो. गाडीचं वर-खाली कंपन २ हर्ट्‌झ धरून स्प्रिंग सुमारे २०,७०० न्यूटन प्रति मीटर, बैठक (वजनाने स्प्रिंग दबते ती) ६ सेंटीमीटर. प्रवासी बसले की ती १० होते आणि कंपन १.६ हर्ट्‌झवर येतं. रिकामी रिक्षा हाडं खिळखिळी करते आणि भरलेली जरा मऊ चालते, तो अनुभव इथे आपोआप आला. डॅम्पिंग १,४५०, भरलेल्या गाडीसाठी ते क्रिटिकलच्या (हेलकावा होऊच न देणाऱ्या किमान डॅम्पिंगच्या) साधारण ३५ टक्के.

स्पीडब्रेकरने मात्र छळलं. ४.००-८ टायरची त्रिज्या सुमारे २० सेंटीमीटर. एकच रेकास्ट (चाकाखाली जमीन शोधणारी सरळ रेषा) असला की कड आली रे आली की चाक एका फ्रेममध्ये वर उडी मारतं आणि डॅम्पर प्रचंड धक्का देतो. शेपकास्ट (रेषेऐवजी अख्खा आकार सरकवून जमीन शोधणारा) लावून आत गोल आकार दिल्यावर चाक कडेवर चढू लागलं. खड्ड्यांतही फरक लगेच कळतो: अरुंद खड्ड्यात रेकास्ट थेट तळाला जायचा, गोल आकार वरच्या कडांवर अडतो.

उतारावर उभी केलेली रिक्षा अजून हळूहळू खाली सरकते. वेग शून्याजवळ आला की स्लिपच्या (टायर किती घसरतो त्याच्या) सूत्रात वेगाने केलेला भागाकार बिघडतो. पुढच्या रविवारी थांबलेल्या चाकाला संपर्कबिंदूशी बांधणारी एक छोटी स्प्रिंग लावून पाहणार आहे. कुणी हे तीनचाकीवर केलं असेल तर कडकपणा किती ठेवला ते जरूर सांगा.