समजावले, पटले

ती एचआयव्ही पॉझिटिव्ह, तो निगेटिव्ह. आमच्याकडे अशांना डिसकॉर्डंट जोडपं म्हणतात. आठ वर्षं ती गोळ्यांसाठी येतेय, तो दर सहा महिन्यांनी तपासणीला.

समुपदेशन म्हणजे गोड बोलणं असा बाहेरच्यांचा समज असतो. माझा अर्धा वेळ गोळ्या मोजण्यात जातो. बाटली टेबलावर उपडी करायची, उरलेल्या मोजायच्या, तारखेशी ताळा घालायचा. "रोज घेतो" म्हणणाऱ्याच्या बाटलीत नऊ-नऊ जास्त निघतात. हिच्या बाटलीत एकही नाही, कधीच नाही. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या, रिपोर्टवर सात वर्षं एकच शेरा: विषाणू आढळला नाही.

त्या दिवशी मी सवयीने कंडोमची पाकिटं पुढे सरकवली. तो म्हणाला, "नकोत मॅडम, घरी ढीग पडलाय." वापरत नाहीत म्हणून मी झापायला सुरुवात केली, तेही सवयीनेच. तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "लागतच नाहीत. आठ वर्षं वेगळ्या खोलीत झोपतो आम्ही."

मग मी सांगितलं. गोळ्या नियमित असतील आणि रक्तात विषाणू सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. धोका शून्य.

"शून्य म्हणजे किती?" त्याने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. आम्ही लोकांना वर्षानुवर्षं 'कमी', 'फारच कमी' असलंच ऐकवलेलं. मी 2016 च्या पार्टनर अभ्यासाचं सांगितलं: अशीच 888 जोडपी, कंडोमशिवाय सुमारे 58,000 वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून लागण एकालाही नाही. 11 जणांना झाली, पण त्यांचा विषाणू जोडीदाराच्या विषाणूशी जुळला नाही, म्हणजे तो बाहेरून आला होता. हे 11 जणांचं सांगताना मी नेहमी अडखळते. बरीच जोडपी तिथेच एकमेकांकडे चोरून बघतात. या दोघांनी बघितलं नाही.

ती म्हणाली, "हे कधीपासून माहीत आहे?"

स्वित्झर्लंडच्या तज्ज्ञांनी 2008 मध्येच जाहीर केलं होतं. 2011 च्या चाचणीत, लवकर उपचार सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटलेली दिसली. मी हे सगळं वाचलेलं होतं. पण आमच्या साहेबांचं म्हणणं, "सांगू नका, लोक कंडोम फेकतील, उद्या गोळ्याही सोडतील." साहेबांना नावं ठेवणं सोपं आहे. मलाही ते पटलं होतं. एक गोळी न चुकवणारी ही बाई समोर बसलेली असताना पटलं होतं.

"बरीच वर्षं झाली," एवढंच मी म्हणाले.

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "म्हणजे मूलसुद्धा...?"

"हो. झालं असतं." 'असतं' तोंडातून गेलं तेव्हा माझी नजर कार्डावर होती. वय 44.

ती दोघं गेल्यावर मी कार्ड पुन्हा उघडलं. समुपदेशनाच्या रकान्यात माझंच अक्षर, सोळा वेळा: 'कंडोमचा वापर समजावला. दोघांना पटले.'