एक वर, एक खाली

आमच्या खान्देशात कापसाविषयी कोणाला शिकवायला जाऊ नये. चोपड्याकडचा असो नाहीतर पारोळ्याकडचा, माणूस ढिगातून मूठभर कापूस उचलतो, दोन चिमटींत धरून हळूच ओढतो आणि सांगून टाकतो की तार, म्हणजे तंतूची लांबी, बरी आहे पण माल ओला आहे, भाव कमीच लागेल. बोंडअळी कधी पडली, फरदड ठेवायची की उपटायची, कुठल्या जिनिंगवर काटा कसा चालतो, सगळं तोंडपाठ. आणि हाच माणूस घरच्यांसोबत बेडशीट घ्यायला गेला की त्याचा एकच प्रश्न असतो, "शेठ, यात निळं फूल आहे का?"

म्हणजे झाडापासून गाठीपर्यंतचं सगळं आपल्याला कळतं, आणि ती १७० किलोची गाठ ट्रकमध्ये बसून गुजरातला नाहीतर तामिळनाडूला गेली की आपला संबंध संपला. तिकडे तिचं सूत होतं, सुताचं कापड होतं, कापडावर फुलं छापतात आणि मग तेच चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत बसून आपल्याकडे परत येतं, आणि आपण फूल बघतो. पूर्वी एवढं नव्हतं हो. अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावात खान्देश मिल, धुळ्यात न्यू प्रताप, आळीत एखादा तरी माणूस साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, कामाला असायचाच, त्याच्या हातात कापड दिलं की बोटांनी चाचपून ताणा, म्हणजे उभा धागा, कसला नि बाणा, म्हणजे आडवा, कसला ते सांगायचा. आता तो माणूस नाही आणि मिलचा भोंगा पण नाही.

मला हा विणीचा, म्हणजे कापडात धागे कसे गुंफलेत ते बघायचा, नाद लागला तो उन्हाळ्यामुळे. जळगाव-भुसावळकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको, पारा ४५ च्या आसपास, रात्री अकराला पण भिंतीला हात लावला तर गरम, कुलर आपला घरघरतोय, वाळा बदलून झालाय, आणि पाठीखालची चादर मात्र तव्यावरून आत्ताच काढल्यागत. अशा रात्री कळतं की दोन चादरी, दोन्हींवर शंभर टक्के कॉटन लिहिलेलं, दोन्ही जवळजवळ एकाच भावाच्या, तरी एकीवर झोप लागते आणि दुसरी पाठीला चिकटून बसते. कापूस तर दोन्हीकडे तोच. मग वेगळं काय, तर वीण.

कॉटनच्या बेडशीटमध्ये मुख्य विणी तीनच. पहिली साधी, आडवा धागा उभ्या धाग्याच्या एकदा वरून एकदा खालून, परत वरून परत खालून, बस. यातच सूत बारीक आणि वीण दाट असली की दुकानदार तिला पर्केल म्हणतो आणि भाव वाढवतो. दुसरी साटन, म्हणजे सुती साटन हं, ती ब्लाउजच्या अस्तराची पॉलिस्टरची सॅटिन वेगळी. यात धागा बहुतेक वेळा चार धाग्यांवरून उडी मारतो आणि मग एकाखालून जातो, म्हणून वरच्या बाजूला नुसते लांब लांब धागे दिसतात, त्यांच्यावर उजेड पडला की कापड चमकतं आणि हात फिरवला की गुळगुळीत लागतं. तिसरी ट्विल, दोनावरून जायचं किंवा तिनावरून, पण प्रत्येक ओळीत एकेक घर सरकत, त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. खरं तर हे सगळं आपण लहानपणी अंगणात बघितलेलं आहे, नवारीची खाट विणतात ती एक वर एक खाली, आणि दोरीच्या खाटेवर जी तिरकी नक्षी असते ती झाली ट्विल. खाटेला फक्त थ्रेड काउंट नसायचा.

तर उन्हाळ्यात पर्केल. यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. एक-वर-एक-खालीमुळे कापड सपाट पडत नाही, जरा कडक राहतं, अंगापासून किंचित सुटून राहतं आणि मधून हवा खेळते. आमच्या माहेरी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे, वाफ निघून गेली की मांजरपाटाच्या चादरी टाकायच्या आणि रात्री दहा-साडेदहापर्यंत त्या अशा गार व्हायच्या की आडवं पडल्या पडल्या पाठीला बरं वाटायचं. मांजरपाट म्हणजे तरी काय, तीच साधी वीण, फक्त सूत जाड आणि न धुवलेलं, न रंगवलेलं, सरकीचे काळे-तपकिरी ठिपके तसेच दिसणारं. पर्केल ही त्याचीच शहरात शिकून आलेली धाकटी बहीण. एक तक्रार आहे तिच्याबद्दल, चुरगळते फार. सकाळी उठल्यावर बेड असा दिसतो की पाहुण्यांसमोर दार लोटून घ्यावं लागतं. पण दर धुण्याला ती मऊ होत जाते, पहिल्या वर्षापेक्षा तिसऱ्या वर्षी जास्त चांगली लागते, असं बाकी किती कपड्यांचं म्हणता येईल.

साटनचं दुकानात बघायला नको. आमच्या फुले मार्केटात गेलात तर शेठ आधी तीच उलगडतो, झटकन हवेत उडवून समोर पसरतो आणि म्हणतो, "ताई, हात तर फिरवा." हात फिरवला की माणूस गेलाच. पण हात फिरवणं वेगळं आणि त्यावर आठ तास पाय घासत झोपणं वेगळं. ते जे लांब धागे वर मोकळे असतात ना, त्यात आपल्याकडच्या बायकांच्या टाचा अडकतात. कोरडी हवा, काळी माती, अनवाणी फिरणं, खान्देशात भेगा नसलेली टाच शोधून दाखवा. टाचेतून सुटलं तर पायातली जोडवी आहेतच, एक धागा ओढला गेला की चादरीवर वीतभर चुणी पडते आणि ती इस्त्रीने पण जात नाही. आमच्या सासूबाई पारोळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात, त्यांच्या पलंगावर मी एकदा हौसेने साटन घातली तर सकाळी चहाच्या आधी ऐकायला मिळालं, "हाई चादर शे का घसरगुंडी? रातभर माले झोप नही लागनी." पांघरूण खाली, उशी खाली, आणि त्या स्वतः कडेला आलेल्या.

अर्थात डिसेंबर-जानेवारीत साटनला नावं ठेवायचं काम नाही. लोकांना वाटतं खान्देश म्हणजे नुसतं ऊन, पण इकडे रावेर-यावलकडे केळीला चरका बसण्याइतकी थंडी पडते. साटन घट्ट आणि जड, अंगाबरोबर पडते, ऊब धरते, त्या दिवसांत ती आणि वर गोधडी म्हणजे उठवत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की कपाटात दोन्ही असाव्यात आणि होळी झाली की साटन वर माळ्यावर टाकावी.

आता थ्रेड काउंट. या आकड्याने लोकांना जेवढं गंडवलंय तेवढं लॉटरीने पण नसेल. एक इंच लांब एक इंच रुंद तुकड्यात उभे-आडवे मिळून किती धागे, एवढाच त्याचा अर्थ. उभे ११०, आडवे ९०, झाले २००. आता इंचभर जागेत धागे मावून मावून किती मावणार? मग युक्ती अशी की दोन बारीक धाग्यांना पीळ देऊन एक करायचा आणि मोजताना मात्र दोन धरायचे, की ३०० ची चादर बसल्या जागी ६०० ची होते. शिवाय साटनमध्ये धागे एकमेकांना कमी वेळा ओलांडतात त्यामुळे जास्त दाटीने बसवता येतात, म्हणजे तिचा आकडा मुळातच मोठा निघतो, तो पर्केलच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला काय म्हणावं. चांगल्या सुताची पर्केल २०० ते ३०० मध्ये मस्त असते. हजार लिहिलेलं दिसलं की मी पुढच्या दुकानात जाते.

त्यापेक्षा सुताचा नंबर विचारावा, चाळीसचं की साठचं. तो हिशोब मला फार आवडतो. ८४० यार्डाची एक लडी, अशा किती लड्या मिळून एक पौंड वजन भरतं तो सुताचा नंबर. नंबर जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. चाळीस नंबरचं पौंडभर सूत सरळ सोडत गेलात तर ३० किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे जळगावात एक टोक धरलं तर दुसरं भुसावळ ओलांडून पुढे. पौंड म्हणजे अर्धा किलो पण नाही हो. आणि असं बारीक सूत काढायचं तर कापसाची तार लांब हवी, जिथे परत आपली ती चिमटी कामाला येते. आपल्याकडच्या कापसाची तार साधारण २८ ते ३० मिलिमीटर, त्याच्यात रोजच्या चादरीचं चांगलं सूत निघतं. तामिळनाडूकडे सुविन नावाचा वाण आहे त्याची तार ३८ च्या पुढे जाते, त्याचं सूत एकदम बारीक, पण मग चादरीची किंमत पण तशीच, आणि त्यावर कोणी चहा सांडला तर घरात आठवडाभर बोलणं बंद.

हातगाडीवर मिळणाऱ्या ग्लेस कॉटनबद्दल वेगळं काय सांगायचं. नावात कॉटन, आत बऱ्याचदा पॉलिस्टर. रंग भडक, जात नाही, चुरगळत नाही, सकाळी धुतली की दोरीवर टाकेपर्यंत वाळते, म्हणून बायका घेतात आणि त्यांचं चूक पण नाही. फक्त आपण क्विंटलने कापूस विकून आलो आणि घरात झोपायला प्लास्टिक, हे मला जरा लागतं. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून काडी लावावी, कापूस असला तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने उडते, पॉलिस्टर असलं तर आकसून टोकाला कडक मणी होतो. फक्त हे घरी करायचं, दुकानात काडीपेटी काढली तर शेठ पाणी पण विचारणार नाही.

विणीसाठी काडीपेटी लागत नाही. चादरीचा एक पदर ट्यूबलाइटकडे धरायचा, बारीक बारीक चौकटी एकसारख्या दिसल्या की साधी वीण. तिरक्या रेघा दिसल्या की ट्विल. एका बाजूने चमक आणि उलटी केली की फिकी, म्हणजे साटन. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितला तर अजून स्पष्ट. मी हे करायला लागले की आमचे हे दुकानाबाहेर जाऊन उभे राहतात. एकदा अशीच बघत होते तर लक्ष गेलं ते शेठच्या स्वतःच्या बैठकीकडे. समोर ढीग सगळा चमकणाऱ्या साटनचा, आणि शेठ बसलेला कशावर, तर पांढऱ्याशुभ्र लठ्ठ्यावर, एक वर एक खाली. मी म्हटलं, "शेठ, तुमच्या खाली आहे ते दाखवा ना." आधी हसला, मग आतून पर्केलचा गठ्ठा काढून आणला.

मापाचं पण लगे हात सांगते कारण तिथेच जास्त घोटाळा होतो. गादी ७२ इंच रुंद, हल्ली आठ इंच जाड, म्हणजे दोन्ही बाजू धरून ८८. आणि आपण घेतो ९० पन्ह्याची, म्हणजे रुंदीची. उरले दोन इंच, तेवढं तर पहिल्या धुण्यातच आटतं, कॉटन तीन ते पाच टक्के सहज बसतं. मग रोज रात्री नवरा-बायकोत चादरीची ओढाओढ. १०८ बाय १०८ घ्यावी आणि विषय संपवावा. आजीच्या वेळच्या चादरींना मधोमध शिवण असायची कारण मागाचा पन्हाच छोटा, ती शिवण बरोबर पाठीच्या मणक्याखाली यायची, पण त्यावरून कोणाची ओढाओढ झाल्याचं ऐकलं नाही, शिवण हीच हद्द.

आणि कॉटन घ्यायचं अजून एक कारण आहे जे दुकानात कोणी सांगत नाही. चादर जुनी झाली की तिचं खरं काम सुरू होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापडासारखं वाळवण, करतात, त्या ओल्या कापडावर थापायच्या असतात, आणि वाळल्यावर उलट्या बाजूने पाणी शिंपडून अलगद सोडवायच्या. त्याला धुऊन धुऊन मऊ झालेली साध्या विणीचीच चादर लागते, पाणी शोषून घेणारी. साटनच्या लांब धाग्यांत ज्वारीचा कण अडकतो, आणि पॉलिस्टर तर पाणीच पीत नाही, शिंपडलेलं सगळं घरंगळून गच्चीवर आणि बिबडी तिथल्या तिथे चिकटलेली. लग्नात आहेरात आलेले ते फुलाफुलांचे सेट या कामाला कधीच येत नाहीत, ते पुढच्या लग्नात जातात. आमच्याकडचा एक मोरपंखी सेट तर मला वाटतं दोन तालुके फिरून परत आलाय.

ट्विलबद्दल मघाशी घाईतच बोलले. मजबूत वीण, चुरगळत कमी, जरा जड, उन्हाळ्यात मला नको वाटते पण वापर दणकून होणार असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. लेकीला पुण्याला हॉस्टेलला ठेवायचं ठरलं तेव्हा तिच्यासाठी तीच घेतली, तिथे इस्त्री कोण करणार आणि त्या चादरीवर बसून जेवण, अभ्यास, मोबाइल सगळंच होणार. तिने हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली, "मम्मी, ही तर जीन्सच्या कापडासारखी आहे."

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, म्हटलं पोरीला दिसलं, तिरक्या रेघा दिसल्या. लगेच समजावून सांगायला बसले की बरोबर आहे बेटा, वीण तीच.

"मग जीन्ससारखीच महिना महिना न धुता चालेल ना?"