आमची वाटचाल : वागळे इस्टेट ते रबाळे

2011 च्या मार्चमध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पोटभाड्याच्या गाळ्यात आम्ही पहिलं सॅनिटरी पॅड दाबलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ. जाऊबाई कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होत्या, नोकरी सोडून आल्या. पैसे माझे, डोकं त्यांचं. हॅमर मिलमध्ये पल्प, म्हणजे लाकडाचा लगदा, फोडायचा, तोलून साच्यात भरायचा, पायाच्या प्रेसने दाबायचा, नॉनवोव्हनमध्ये, म्हणजे न विणलेल्या कापडात, गुंडाळून सील मारायचं. पल्प अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पाइनचा, न्हावाशेव्याला उतरलेला. त्याची पिसं केसात इतकी अडकायची की संध्याकाळी लोकलमध्ये बायका विचारायच्या, "कापूस पिंजता का?"

मशीन सगळ्यांकडे तेच होतं. आमच्याकडे जास्तीचं होतं ते जाऊबाईंचं ब्युरेट, द्रव मोजून सोडायची नळ असलेली काचेची नळी. लॅबच्या भंगारातून वीस रुपयांना उचललेलं, टोकाला जरा टवका उडालेला. आय एस 5405 हे सॅनिटरी नॅपकिनचं भारतीय मानक. त्याच्या 1980 च्या आवृत्तीतली परीक्षा साधी होती : 30 मिली द्रव, मिनिटाला 15 मिली या वेगाने पॅडच्या मधोमध सोडायचा, तो खाली किंवा कडेला दिसता कामा नये. जाऊबाई पाण्यात खायचा लाल रंग घालायच्या, ब्युरेटचा नळ करंगळीने केसभर फिरवायच्या आणि घड्याळाकडे बघत बसायच्या. दोन मिनिटं गाळ्यात कुणी बोलायचं नाही. मग वाण्याकडून आणलेलं किलोचं लोखंडी वजन पॅडवर मिनिटभर ठेवायचं, खाली पांढरा टिपकागद. कागदावर गुलाबी ठिपका आला की त्या दिवसाचा माल परत मिलमध्ये. पीएच 6 ते 8.5 च्या आत हवा, त्याचीही पट्टी बुडवायची. आणि प्रत्येक बॅचचे दोन पॅड तारीख घालून बिस्किटाच्या डब्यात. नवीन धंदा काढणाऱ्यांना मी सांगते, बोर्ड नंतर रंगवा, आधी हा डबा ठेवा.

2014 ला रबाळे एमआयडीसीत स्वतःचा गाळा घेतला. सॅप, म्हणजे ओल शोषून जेल होणारी पावडर, घातलेला पेपर आला, विंग्स आल्या, तीन बायकांच्या चौदा झाल्या. 2017 पर्यंत धंदा चालला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मावशींबद्दल मात्र सांगायला हवं. कळव्याच्या एका शाळेत त्या शिपाई. 2012 पासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कळव्याहून ठाणं, आणि रबाळ्याला गेल्यावर ठाण्याहून पुढे ट्रान्स-हार्बर, असा प्रवास करून दोनशे पॅडचा बॉक्स स्वतः न्यायच्या. टेम्पोने पाठवते म्हटलं तरी नाही. कारण त्यांना तपासायचं असायचं. वरचा एक पॅड काढायचा, अर्धा पेला पाणी ओतायचं आणि त्यावर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत खाली ओल आली नाही तर पैसे. जाऊबाई पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "मानकच पाळतायत की या!"

जानेवारी 2018. संक्रांतीच्या हळदीकुंकवांचे दिवस. ऐरोलीच्या सोसायट्यांमधून नेटवर्क मार्केटिंगवाल्या एक बाई फिरायला लागल्या. तिळगूळ, वाण, आणि मग खेळ. बाजारातलं पॅड फाडायचं, आतला लगदा काचेच्या पेल्यात ढवळायचा. पाणी गढूळ. "बघा, ही रद्दी!" मग जेल बोटावर घेऊन, "हेच शरीरात जातं, यानेच गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो." शेवटी प्लास्टिक पेटवायचं, काळा धूर. आणि मग पिशवीतून स्वतःचं पॅड, मधोमध हिरवी पट्टी असलेलं. म्हणे ॲनायन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे कण, सोडतं, पाळीची दुखणी जातात. किंमत आमच्या चौपट. एका व्हिडिओत फाडलेलं पॅड आमचं होतं. पुडकं कॅमेऱ्यासमोर नीट धरलेलं, आमचं नाव वाचता येईल असं. आठवड्यात तो व्हिडिओ माझ्या माहेरच्या ग्रुपवर पोचला.

जाऊबाईंनी काय केलं? त्या बाईंचंच एक पुडकं पूर्ण पैसे मोजून आणलं आणि गाळ्यात चौदा बायकांसमोर फाडलं. आत तोच पल्प, तेच जेल. पाणी तितकंच गढूळ. पेटवल्यावर धूरही तोच, कारण खालचा थर पॉलिथिनचाच. जास्तीची होती ती फक्त हिरवी पट्टी.

पाणी गढूळ होतं ते लाकडाच्या तंतूंनी, टिश्यू पेपर ढवळला तरी होतं. जेल म्हणजे तेच सॅप, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, तान्ह्या बाळांच्या डायपरमध्येही तेच. ते पाणी धरून फुगतं, कातडीतून आत शिरत नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तो संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. पॅडमधल्या डायॉक्सिन या विषारी रसायनाचा धाक एकेकाळी खरा होता. क्लोरीन वायूने पल्प ब्लीच करत तेव्हा ते तयार होत असे. नंतर कारखाने क्लोरीन डायऑक्साइडकडे वळले, आम्ही तोच पल्प घेतो. पॅडने अमेरिकेतल्या बायका दगावल्या म्हणतात, त्यातलं दगावणं खोटं नाही, पण 1980 साली गाजलेलं ते टॉक्सिक शॉक सिंड्रोमचं प्रकरण अतिशोषक टॅम्पॉनचं, आत घालायच्या वस्तूचं होतं, आणि विष होतं स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणूचं. म्हणून टॅम्पॉन आठ तासांच्या वर ठेवू नये. हे सगळं मी एका पानावर छापून वाटलं. कुणी वाचलं नाही. धूर दिसतो, पान दिसत नाही.

डिस्ट्रिब्युटरने चारशे कार्टन परत पाठवली. त्यातच जुलै 2018 मध्ये सरकारने पॅडवरचा 12 टक्के जीएसटी काढला. सगळीकडे पेढे. आमच्याकडे सीएचा फोन. विक्रीवर कर नाही म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिटही, म्हणजे वजावटही, नाही. पल्पवर 12, सॅपवर आणि हॉटमेल्ट ग्लूवर (गरम करून लावायच्या गोंदावर) 18 टक्के भरायचे आणि गिळायचे. परदेशातून तयार येणाऱ्या मालावर मात्र जीएसटी नाही. दिवाळीपर्यंत चौदातल्या पाचजणी उरल्या आणि माझ्या पाटल्या बँकेत गेल्या.

याच घाईत माझ्या हातून ती चूक झाली.

डिस्ट्रिब्युटर म्हणाला, सुगंधी काढा, लगेच उचलतो. जाऊबाई नको म्हणत होत्या. मी लॅव्हेंडरच्या अर्काचा कॅन आणला आणि वीस हजार पॅड काढले. ब्युरेटच्या परीक्षेत सगळे पास. मावशींच्या डब्याखालीही पास. दुसऱ्या महिन्यात मावशी आल्या त्या शनिवारी नाही, मंगळवारीच. चहा नाही घेतला. "ताई, पोरींना खाज सुटतीय. चारजणींना पुरळ आलंय. हे वासाचं नका देऊ." मी एका मुलीला घेऊन ठाण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "हे कशाला घातलंत?" सुगंधी द्रव्यांनी कॉन्टॅक्ट डर्मटायटिस होतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत, घामात, आणखी चिघळतो.

वर्षभर सगळा ठाणे जिल्हा जेलला घाबरत होता, वासाला कुणीच नाही. मीसुद्धा नाही. उरलेला माल परत घेतला, मुलींच्या औषधाचे पैसे दिले. जाऊबाई 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाल्या नाहीत, फक्त उरलेला कॅन नीट बूच लावून रासायनिक कचऱ्याच्या गाडीत दिला. गाळ्याला दोन महिने लॅव्हेंडरचा वास येत होता.

2020 चं काय सांगायचं. लॉकडाउनच्या पहिल्या यादीत पॅड नव्हते, 29 मार्चच्या केंद्राच्या पत्राने अत्यावश्यक ठरले. तोवर गाळ्याला कुलूप होतं.

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेने दहा पॅड तपासले, त्यांत थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) आणि उडून जाणारी सेंद्रिय रसायनं सापडली. पुन्हा फोन. या वेळी मी पान छापलं नाही, कारण हा प्रश्न धुरासारखा खोटा नव्हता. अशी रसायनं कुठून येतात, ग्लूतून की फिल्ममधून, हे आम्हालाच शोधायला हवं होतं. ग्लूवाल्याला लेखी हमी मागितली. तीन महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं : माल उत्तम दर्जाचा आहे. ग्लूवाला बदलला. नव्याने तपासणीचा अहवाल दिला, किलोमागे नऊ रुपये जास्त घेतो.

विचारलं नाहीत तरी सांगते. सॅपचं पॅड वरून कोरडं लागतं म्हणून बारा तास ठेवू नका. ओल आत असतेच. चार ते सहा तासांनी बदला. पुडकं बाथरूममध्ये ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. कापडी वापरत असाल तर दोरीवर साडीखाली लपवून नको, उन्हात वाळवा. पाळीचा कप वापरणाऱ्यांनी तो दर पाळीनंतर उकळावा. आणि कुणी हळदीकुंकवाला पॅड पेटवून दाखवलं, तर त्यांचंही पेटवायला सांगा.

मावशी गेल्या जूनमध्ये निवृत्त झाल्या. जुलैच्या पहिल्या शनिवारी दारात उभ्या, सोबत शाळेतल्या नव्या बाई. "हिला शिकवायला आणलंय." बॉक्स उघडला, पेला ओतला, नव्या बाईंचा डबा वर ठेवला. जाऊबाईंचे आता गुडघे गेलेत, त्या खुर्चीतूनच बघत होत्या.

"डब्यात काय आहे हो?"

"दोन पोळ्या आणि भेंडी," मावशी म्हणाल्या, आणि डबा उचलून हातात तोलला. "हलका आहे. तुमचं ते किलोचं द्या."