भोसरी ते वेर्णा: कंपनीचा मेल सोबत घेऊन चार दिवस

आमच्या कंपनीचे सर्व्हिस इंजिनिअर महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतात. डोसिंग पंप (रसायन मोजून सोडणारे पंप) बसवायचे, बंद पडलेले चालू करायचे. त्या कामाचं सगळं बोलणं मेलवर चालतं: ड्रॉइंग, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), टेस्ट रिपोर्ट, ग्राहकांच्या तक्रारी. तो मेल सांभाळायचं काम माझं, भोसरीच्या ऑफिसात बसून. डिसेंबरमध्ये सर्व्हरवरचे ऑटो फॉरवर्डचे नियम तपासले, तर अकरा जणांनी कंपनीचा सगळा मेल आपापल्या खासगी खात्यावर वळवून ठेवलेला सापडला. आमचे सगळ्यात जुने सर्व्हिस इंजिनिअर, ज्यांना अख्खी कंपनी दादा म्हणते, तेही त्यात होते. विचारलं तर म्हणाले, "तुझा व्हीपीएन भोसरीत चालतो रे. लोट्याला चालत नाही. ग्राहक समोर उभा असतो, तेव्हा मी काय करू?"

व्हीपीएन म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची बंदिस्त, खासगी वाट. दादांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून जानेवारीतल्या त्यांच्या दौऱ्यात मीही निघालो. मार्ग होता भोसरी, कराड, कुंभार्ली घाटातून चिपळूण, मग जवळच लोट्याची औद्योगिक वसाहत, आणि चिपळूणहून रेल्वेने गोव्यात वेर्ण्याला. ज्यांच्याकडे अशीच फिरतीची माणसं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी आमची मांडणी सांगतो. मेल सर्व्हर कंपनीच्याच आवारात आहे आणि पूर्वी वेबमेल थेट इंटरनेटवर उघडं असायचं. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टला एक्स्चेंज सर्व्हरमधल्या त्रुटींवर तातडीचे पॅच काढावे लागले, आणि ज्यांचे सर्व्हर इंटरनेटवर उघडे होते अशा असंख्य ठिकाणी तोवर घुसखोरी होऊन गेली होती. आमचा सर्व्हर वेगळ्या जातीचा, पण दार तसंच उघडं होतं. तेव्हापासून मेल व्हीपीएनच्या आत घेतला: वायरगार्ड नावाचा व्हीपीएन, यूडीपी (माहितीची पाकिटं पाठवायची एक पद्धत) पोर्ट ५१८२०, आणि मेलला पासवर्डसोबत एसएमएसने येणारा ओटीपी. ऑफिसातून आणि घरून तपासला, तेव्हा सगळं उत्तम चाललं होतं.

पहिल्या दिवशी कराडपर्यंत हायवे असल्याने काहीच अडलं नाही. पाटण सोडून कोयनेच्या खोऱ्यात शिरलो आणि रेंजच्या काड्या एकेक करून गेल्या. कोयनानगरच्या पुढे चहाला थांबलो, तर दादांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. ओटीपीच्या एसएमएसची वाट पाहून मेल ॲप थकलं होतं. त्या टपरीच्या बाकावर बसूनच मी त्यांच्या फोनमध्ये ऑथेंटिकेटर ॲप जोडायची तयारी केली आणि माझ्या फोनवर विमान मोड लावून दाखवला. दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड तरीही येत होता. दादांना ते पटेना. "रेंज नाही, मग आकडा येतो कुठून?" फोन आणि सर्व्हर दोघांकडे एकच गुपित किल्ली असते, ती आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून दोघं स्वतंत्रपणे तोच आकडा काढतात, हे सांगितल्यावर ते दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "हे आधी का नाही दिलंस?" हा प्रश्न मला लागला. एसएमएसचा ओटीपी मी निवडला होता कारण तो लावायला सोपा होता, म्हणजे मला सोपा होता.

या कोडचा सगळा डोलारा वेळेवर उभा आहे. फोनचं घड्याळ हाताने पुढे-मागे केलेलं असेल तर कोड चुकतो. दौऱ्यावर निघण्याआधी प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वयंचलित वेळ चालू आहे का, ते स्वतः बघा. आणि मेल ॲपमध्ये किमान तीस दिवसांचा मेल जोडपत्रांसकट फोनवर उतरून राहील अशी सोय करा. निम्म्या वेळा माणसाला नवा मेल नको असतो, परवा आलेलं ड्रॉइंग हवं असतं.

चिपळूणच्या लॉजवर रात्री दोन अडचणी आल्या. पहिली ठरलेलीच: लॉजच्या वायफायला आधी खोली नंबर टाकायचं पान यावं लागतं, आणि आम्ही व्हीपीएन कायम चालू राहण्याची सक्ती केली असल्याने ते पानच उघडत नव्हतं. व्हीपीएन बंद करायचा, पान उघडून नोंद करायची, पुन्हा व्हीपीएन चालू. पण बंद करण्याची परवानगीच माणसाला नसेल तर तो अडकतो. मी ती परवानगी दिली, फक्त मेल ॲप व्हीपीएनशिवाय सर्व्हरला पोहोचू शकत नाही एवढं पक्कं ठेवलं. अजून सोपं म्हणजे लॉजचं वायफाय सोडून स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट वापरणं. आम्ही तेच केलं, आणि तिथे दुसरी अडचण निघाली.

हॉटस्पॉटवर व्हीपीएन जोडला गेला. मेलची यादी आली. दोन ओळींचे मेल उघडले. पण चार एमबीचं ड्रॉइंग उघडायला गेलं की चक्र फिरत राहायचं, दहा मिनिटं झाली तरी. दादा म्हणाले, "हेच. लोट्याला हेच होतं." त्यांनी मागे कितीदा फोन करून हे सांगितलं होतं, आणि मी दर वेळी "रेंज कमी असेल" म्हणून सोडून दिलं होतं. रेंज पूर्ण होती. मग लॅपटॉपवरून तुकडे न करता वेगवेगळ्या आकारांचे पिंग, म्हणजे चाचणीची पाकिटं, पाठवून पाहिले. छोटी पाकिटं जात होती, मोठी मध्येच गायब. वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, बहुधा १४२० बाइट असतो. त्यावर व्हीपीएनचं स्वतःचं वेष्टण चढलं की ते दीड हजाराच्या जवळ जातं. घरच्या ब्रॉडबँडवर हे खपतं. मोबाइल नेटवर्कच्या वाटेवर कुठेतरी तेवढी जागा नसते, आणि "पाकीट मोठं आहे" हा निरोपही परत येत नाही. एमटीयू १२८० केला. ड्रॉइंग आठ सेकंदांत उघडलं. दादांनी ते दोन बोटांनी मोठं करून पाहिलं, बंद केलं, परत उघडलं. फिरतीच्या माणसांसाठी सरसकट १२८० ठेवा. वेग किंचित कमी होतो, पण कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा दिवस लोट्याचा, आणि मी या दौऱ्यात जे शिकलो त्यातलं बरंचसं त्या एका गेटवर. परशुराम घाट ओलांडून सकाळी साडेआठला कारखान्याच्या गेटवर पोहोचलो. रासायनिक कारखाना, ज्वालाग्राही माल, त्यामुळे मोबाइल आत नेता येत नाही. सिक्युरिटीने आमचे फोन लॉकरमध्ये ठेवून टोकन दिलं. लॅपटॉपचा सिरियल नंबर वहीत लिहिला आणि कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवलं. माझ्या खिशात यूएसबी सिक्युरिटी की होती. फोनविना लॉगिन करता यावं म्हणून मी ती खास आणली होती. गार्डने ती हातात घेऊन फिरवली. "पेनड्राइव्ह चालत नाही, साहेब." पेनड्राइव्ह नाही हे समजावलं, पण त्यांना नियम होता आणि त्यांचं बरोबरच होतं. की लॉकरमध्ये गेली.

म्हणजे आत कंट्रोल रूममध्ये लॅपटॉप होता, पण कोड दाखवणारा फोन गेटवर, कीसुद्धा गेटवर. लॅपटॉप ओटीपी मागत होता आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. दादा वर्षानुवर्षं इथे खासगी मेल का उघडत होते, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. तिथे नेट होतं ते ग्राहकाचं पाहुण्यांसाठीचं वायफाय, आणि त्यांच्या फायरवॉलने यूडीपी पूर्ण बंद केलेलं. वायरगार्ड यूडीपीशिवाय चालतच नाही.

दुपारी गेटबाहेर येऊन दोन्ही गोष्टी सोडवल्या. व्हीपीएनला दुसरी वाट दिली: टीसीपी (पाकिटं पाठवायची दुसरी पद्धत) पोर्ट ४४३ वर ओपनव्हीपीएन हा दुसरा व्हीपीएन. ४४३ ही साध्या सुरक्षित वेबसाइटची वाट असल्याने ती सहसा उघडी असते. हळू आहे, पण पोहोचते. (ग्राहकाच्या आयटीवाल्यांना विचारून घ्या. आम्ही विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. न विचारता दुसऱ्याच्या नेटवर्कमधून बोगदा काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.) लॉगिनसाठी दादांच्या लॅपटॉपमध्येच पासकी, म्हणजे पासवर्ड आणि कोडऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, बनवली. ती लॅपटॉपच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये राहते, बाहेर निघत नाही, आणि बोटाचा ठसा किंवा पिन दिल्यावरच चालते. चेहरा ओळखणारं लॉगिन इथे कामाचं नाही, कारण कॅमेऱ्यावर स्टिकर. तिसऱ्या प्रहरी पुन्हा आत गेलो, दादांनी बोट ठेवलं आणि मेल उघडला.

पासकीचा आणखी एक फायदा आहे, जो मला वायफायवरच्या चोरीपेक्षा मोठा वाटतो. मेल सर्व्हरशी होणारं बोलणं आधीच टीएलएसमध्ये, म्हणजे इतरांना न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात, गुंडाळलेलं असतं, त्यामुळे लॉजच्या वायफायवर बसून कुणी मेल वाचेल ही भीती आता तेवढी राहिलेली नाही. खरा धोका खोट्या लॉगिन पानाचा. घाईत असलेला माणूस तिथे पासवर्डही देतो आणि सहा आकडी कोडही, आणि पलीकडचा तो तीस सेकंदांत वापरतो. पासकी खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते. खोट्या पानावर ती उत्तरच देत नाही.

तिसऱ्या दिवशी चिपळूणहून मांडवी एक्स्प्रेस. कोकण रेल्वेचा मार्ग म्हणजे बोगद्यांचा. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. दादांनी एक रिपोर्ट मुद्दाम बोगद्यात पाठवला, माझी परीक्षा घ्यायला. मेल आउटबॉक्समध्ये थांबला, आणि उजेडात आल्यावर रेंज येताच गेला. टॉवर बदलला, फोनचा पत्ता बदलला, तरी वायरगार्ड स्वतःहून परत जुळतो. जुन्या व्हीपीएनसारखं पुन्हा पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. एक मात्र करून ठेवा: व्हीपीएनमधून फक्त मेल सर्व्हरचा पत्ता जाऊ द्या, बाकीचं नेट थेट. नाहीतर गाडीतल्या तुटपुंज्या रेंजवर फोनचे सगळे अपडेट भोसरीमार्गे फिरतात.

वेर्ण्याला विक्री विभागातल्या ताई आम्हाला येऊन मिळाल्या, त्या कोल्हापूरहून रात्रीच्या बसने आल्या होत्या. ग्राहकाच्या गेटवर पर्स उघडली तर फोन नाही. बसमध्येच राहिला होता. सकाळचे सव्वानऊ. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या फोनची व्हीपीएन किल्ली काढून टाकली, मेलची चालू सत्रं बंद केली. मग फोन पुसायचा आदेश देणार, तोच ताई म्हणाल्या, "थांबा. माझ्या मुलीचे सगळे फोटो त्यात आहेत हो." त्यांना वाटलं होतं सगळा फोन कोरा होणार. सुदैवाने आम्ही अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल, म्हणजे फोनमधला कंपनीचा वेगळा कप्पा, लावलं होतं. कंपनीचा भाग पुसला जातो, फोटोंना हात लागत नाही. हे त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. ही भीती असेल तर माणूस फोन हरवल्याचं दुपारपर्यंत कळवत नाही. म्हणून फोन देतानाच समोर बसवून सांगा, काय पुसलं जाईल आणि काय नाही.

मग ताईंना स्वतःचा मेल लॅपटॉपवर उघडायचा होता. त्यांच्या पाकिटात मी छापून दिलेला बॅकअप कोडचा (फोन नसताना वापरायच्या कोडचा) कागद होता, चार घड्या घातलेला. तो चालला. हा कागद फोनच्या कव्हरमध्ये ठेवू देऊ नका.

नोंदींबद्दलही लिहायला हवं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि त्यात दिलेल्या प्रकारची सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. वायरगार्ड स्वतः फारशा नोंदी ठेवत नाही. शेवटचं जोडणं कधी झालं एवढंच दाखवतो. ताई बसमधून उतरल्यानंतर त्यांचा फोन व्हीपीएनला जोडला गेला होता का, हे मला शोधता आलं ते मी दर मिनिटाला ती माहिती वेगळी लिहून ठेवत होतो म्हणून. जोडला गेला नव्हता. दुपारी बसवाल्यांकडे फोन सापडला.

संध्याकाळी वेर्ण्याच्या चौकात भजी खाताना दादांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाले, "ते फॉरवर्ड कुठून काढायचं, दाखव." मी दाखवलं, त्यांनीच काढलं. उरलेल्या दहांपैकी चौघे विदर्भात फिरतात, तिथली गेटं आणि तिथली रेंज मी अजून पाहिलेली नाही. त्यांचे नियम मी सध्या सर्व्हरवरून बंद केलेले नाहीत. फेब्रुवारीत बुटीबोरीला जातोय.