कोरी फाइल आणि नावाचा रकाना

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स आहे. 'एनएबीएच' या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनाची तयारी सुरू झाली तशी मेट्रन मॅडमनी इन्सिडंट रिपोर्टिंगचं, म्हणजे वॉर्डात काही चुकलं किंवा चुकता चुकता राहिलं तर ते फॉर्मवर नोंदवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. फाइल उघडली तर जवळजवळ कोरी. एवढ्या हॉस्पिटलात कुणी पडत नाही, कुणाचं औषध चुकत नाही, हे खरं वाटतंय होय?

मग ओव्हर द्यायच्या, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती सोपवायच्या वेळी एकेकीला गाठून विचारत सुटले. फॉर्म कुठं असतो हे बहुतेकींना ठाऊक होतं. कधी भरायचा, तिथं गाडी अडायची. पेशंट बेडवरून पडला तर भरायचा, एवढं सगळ्याच सांगायच्या. पण पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये सापडली आणि लेबल वाचून परत ठेवली, तर? "त्यात काय लिहायचं ताई, काय झालंच नाही की!" नेमकं तेच लिहायचं असतं. पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. थोडक्यात टळलेल्या अशा प्रकाराला नियर मिस म्हणतात. तो कळला तरच ट्रेची मांडणी बदलते.

दुसरी अडचण भीतीची. जुन्या फॉर्मवर पहिलाच रकाना 'जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव'! एक ज्युनिअर सिस्टर तोंडावर म्हणाली, "भरला तर मेमो, नाही भरला तर कुणाला कळतंय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उपयोगी पडला तो औषधाची रिअ‍ॅक्शन कळवायचा सरकारी फॉर्म. हा फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवायचा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, कारभार गाझियाबादहून चालतो. त्या फॉर्मवर पेशंटची फक्त आद्याक्षरं मागतात, आणि कळवलं म्हणजे दोष कबूल केला असं होत नाही, हे छापलेलंच असतं. तो कागद मॅडमपुढं ठेवला. बरीच चर्चा झाली, पण नावाचा रकाना गेला. 'काय झालं' आणि 'काय होऊ शकलं असतं', याला मोठी जागा मिळाली.

मावशींना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ओली फरशी, बेडचं न लागणारं साइड रेल, ब्रेक गेलेली ट्रॉली, हे आधी त्यांनाच दिसतं. त्यांनी तोंडी सांगायचं, इन्चार्जनं लिहायचं, असं ठरलं. एका मावशींच्या सांगण्यावरून ट्रॉली दुरुस्त झाली, ते ओव्हरला सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्यानंतर कागद यायला लागले. १७ सप्टेंबरला रुग्ण सुरक्षा दिनाची रांगोळी आम्हीही काढतो, हौसेनं काढतो. पण रांगोळीनं एक फॉर्म वाढलेला मी पाहिला नाही.

आता फाइल जाड झाली, तर मॅनेजमेंटला धास्ती, चुका वाढल्या की काय! चुका होत्याच, आता दिसायला लागल्या, हे मॅडमच त्यांना समजावतात. डॉक्टर मंडळी मात्र अजून फॉर्मला हात लावत नाहीत. म्हणून राऊंडला मी फॉर्मचं पॅड घेऊनच फिरते. "सर, तुम्ही सांगा, मी लिहिते."